तंत्रिका-इजेची वेदना व अवसादरोधी औषधे

तंत्रिका-इजेची वेदना व अवसादरोधी औषधे : तंत्रिका (मज्जा) स्वतः इजा पावल्यामुळे किंवा रोगग्रस्त झाल्यामुळे जी दीर्घकालिक वेदना उद्‌भवते, तिच्यावर अवसाद (विषण्णता) या मानसिक विकारासाठी शोधून काढलेल्या औषधांनी केलेली चिकित्सा. ही औषधे वेदनेवरही उपयोगी पडतात, हे १९६० च्या सुमारास लक्षात आले. ती मनावर परिणाम करून वेदना सुसह्य करतात की वेदनेच्या मार्गावर स्वतंत्रपणे कार्य करतात, या प्रश्नाचा उलगडा होण्यास मात्र आणखी पंचवीस-तीस वर्षे जावी लागली. हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हता. पहिले उत्तर खरे मानल्यास जखम भरून आल्यावरही वेदनेने तळमळणारा रुग्ण मुख्यत्वे मनोरुग्ण ठरतो. दुसरे खरे मानल्यास त्याची तक्रार शरीरातील एका प्रत्यक्ष बिघाडाची ठरते. या औषधांचा इतिहास हा बऱ्याच अंशी अशा रुग्णाच्या बोलण्यावर विश्वास बसण्याचा इतिहास आहे.

वेदनेचे स्वरूप : काटा रुतला किंवा चटका बसला म्हणजे होणारी वेदना ही धोक्याची सूचना असते. ती तंत्रिकेमार्फत मेरुरज्जूकडे व तेथून मेंदूकडे जाते आणि कारण दूर झाले की थांबते. तंत्रिकेलाच इजा झाली असता हा क्रम बिघडतो. सूचना वाहून नेणारी यंत्रणा स्वतःच सूचना निर्माण करू लागते. रुग्णास आग झाल्यासारखे, विजेचा झटका बसल्यासारखे किंवा मुंग्या चावल्यासारखे वाटते. अंगावरील कपड्याचा स्पर्श किंवा वाऱ्याची झुळूकही असह्य होते. त्याच भागातील त्वचा तपासली, तर ती पुष्कळदा बधिर आढळते. बधिरता व वेदना ही एकाच जागी नांदतात. अपघात, बंदुकीची गोळी, अवयवच्छेदन व शस्त्रक्रिया या उघड कारणांखेरीज मधुमेह, नागीण (परिसर्प), कुष्ठरोग, कर्करोगावरील काही औषधे आणि पक्षाघात यांमुळेही अशी वेदना उद्‌भवते. ॲस्पिरिनासारखी नेहमीची वेदनाशामके तिच्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरतात. अफूपासून मिळणारी औषधे काही प्रमाणात उपयोगी पडतात. परंतु त्यासाठी मोठ्या मात्रा लागतात आणि त्याबरोबर व्यसनाधीनतेचा धोका वाढतो.

या वेदनेचे पहिले पद्धतशीर वर्णन अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) झाले. फिलाडेल्फिया येथील टर्नर्स लेन रुग्णालयात तंत्रिकांना इजा झालेल्या सैनिकांसाठी खास व्यवस्था होती. तेथील वैद्य सायलस वेअर मिचेल यांनी जॉर्ज मोरहाउस व विल्यम कीन या सहकाऱ्यांसह १८६४ मध्ये गोळीच्या जखमांनी होणाऱ्या तंत्रिका-इजांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७२ मध्ये मिचेल यांनी या विषयावर आणखी विस्तृत ग्रंथ लिहिला. जखम भरून आल्यानंतरही हातापायांची जळजळ होणारे हे सैनिक दुखरा भाग सतत ओला ठेवीत. काही जण पाण्याची बाटली व फडके जवळ बाळगीत, तर काही बुटांत पाणी ओतून चालत. या विकाराला मिचेल यांनी ‘कॉजॅल्जिया’ म्हणजे दाहक वेदना असे नाव दिले. त्यांचे एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे होते. दीर्घकाळ वेदना सोसल्याने शांत स्वभावाचा मनुष्य चिडखोर होतो व धीट सैनिक भित्रा बनतो, असे त्यांनी नोंदविले. म्हणजे आधी वेदना व मग स्वभावातील बदल, हा क्रम त्यांनी स्पष्टपणे ओळखला होता. पुढील शतकात अनेकांनी हा क्रम उलटा लावला, ही मोठी विसंगती होय.

मिचेल यांच्याजवळ उपाय असा मुख्यतः मॉर्फिनाच्या अंतःक्षेपणाचाच होता. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद रने लरीश यांनी अनुकंपी तंत्रिकातंतू काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली व काही रुग्णांना तिचा लाभ झाला. तंत्रिका कापणे, तिचे मूळ तोडणे, मेरुरज्जूतील वेदनामार्ग छेदणे हे उपायही योजले जात. त्यांतील अनेकांमध्ये आरंभी आराम पडे आणि काही महिन्यांनी वेदना परत येई. तंत्रिका कापणे ही नवी इजाच असल्याने ती कधीकधी अधिक तीव्रतेनेही येई.

इमिप्रामिनाचा शोध : या पार्श्वभूमीवर खरा उपाय सापडला तो अगदी वेगळ्या वाटेने. इमिनोडायबेंझिल हे संयुग १८९९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले होते. परंतु अर्धशतकभर त्याचा वैद्यकात उपयोग झाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील गायगी या कंपनीने हिस्टामीनरोधी व निद्राकारक औषधांच्या शोधात त्यापासून अनेक संयुगे बनविली. १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझीन या औषधाचा तीव्र मनोविकारांवर गुण दिसून आल्यावर, त्याच्याशी संरचनेत साम्य असलेले ‘जी २२३५५’ हे संयुग कंपनीने कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात पाठविले. तेथील मनोविकारतज्ञ रोलांट कून यांना छिन्नमानसाच्या (स्किझोफ्रेनियाच्या) रुग्णांवर त्याचा इष्ट परिणाम दिसला नाही; उलट काही रुग्ण अधिकच प्रक्षुब्ध झाले. यावरून कून यांनी जानेवारी १९५६ मध्ये ते तीव्र अवसादाच्या रुग्णांस देऊन पाहिले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यात लक्षणीय सुधारणा दिसू लागली. ऑगस्ट १९५७ मध्ये त्यांचा लेख स्विस वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात झुरिक येथील जागतिक मनोविकारविज्ञान परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले, तेव्हा श्रोते जेमतेम डझनभर होते, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. हे संयुग म्हणजेच इमिप्रामीन होय. ‘टोफ्रॅनिल’ या नावाने ते स्वित्झर्लंडमध्ये १९५७ च्या अखेरीस व इतर देशांत १९५८ पासून विकले जाऊ लागले. रेणूत अणूंची तीन वलये असल्याने या वर्गाच्या औषधांस त्रिवलयी अवसादरोधी असे म्हणतात. त्यांपैकी ॲमिट्रिप्टिलीन या औषधास अमेरिकेत एप्रिल १९६१ मध्ये मान्यता मिळाली.

या शोधाची दुसरी बाजू उशिरा उजेडात आली. थुरगाउ या परगण्याच्या शासनाने नेमलेल्या इतिहाससंशोधकांचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्युन्स्टरलिंगेन येथे कित्येक दशके मान्यता न मिळालेली अनेक संयुगे रुग्णांवर तपासली गेली व पुष्कळदा त्यांची संमतीही घेतली गेली नाही, असे त्यात दाखवून दिले आहे. ज्या औषधांनी पुढे असंख्यांची वेदना हलकी केली, त्यांचा उगम अशा प्रयोगांत आहे, ही गोष्ट इतिहासातून वगळता येत नाही.

गायगीच्या प्रयोगशाळेतच व्हाल्टर शिंडलर यांनी १९५३ मध्ये कार्बामाझेपीन हे इमिप्रामिनाशी रासायनिक नाते असलेले संयुग तयार केले. ते अवसादरोधी नाही. परंतु चेहऱ्याच्या त्रिशाखी तंत्रिकाशूलावर ते प्रभावी असल्याचे स्वीडनमधील एस. ब्लूम यांनी १९६२ मध्ये दाखविले. अशा रीतीने तंत्रिकाजन्य वेदनेवरील दोन महत्त्वाचे औषधवर्ग एकाच रासायनिक कुळातून आले.

वेदनेवरील पहिले उपयोग : फ्रान्समधील पाओली, दारकूर व कोसा यांनी १९६० मध्ये वेदनाग्रस्त अवस्थांतील इमिप्रामिनाच्या परिणामाविषयी एक छोटेसे प्राथमिक टिपण प्रसिद्ध केले. या विषयावरील हा आरंभीचा उल्लेख मानला जातो. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातील वुडफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या तंत्रिकाशूलावर ॲमिट्रिप्टिलिनाचा उपयोग केल्याचे कळविले. अमेरिकेत ए. टाउब यांनी १९७३ मध्ये याच विकारावर ॲमिट्रिप्टिलीन व फ्लुफेनाझीन ही औषधे एकत्र दिली आणि १९७७ मध्ये मधुमेहजन्य तंत्रिकाविकारावर हीच जोडी वापरल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. या सर्व नोंदी थोड्या रुग्णांच्या होत्या. बहुतेकांत तुलनेसाठी निरौषधी गोळी दिलेली नव्हती. त्यामुळे गुण औषधाचा, काळाचा की वैद्यावरील श्रद्धेचा, हे त्यांवरून ठरविणे शक्य नव्हते.

मन की तंत्रिका : औषध अवसादावरचे, त्याने वेदना कमी झाली, त्या अर्थी वेदना हेच अवसादाचे छुपे रूप असले पाहिजे, असा तर्क या काळात रूढ झाला. त्याला आधीची पार्श्वभूमीही होती. जी. एल. एंगेल या अमेरिकन वैद्यांनी १९५९ मध्ये, स्वभावतःच वेदनेकडे कल असणाऱ्या रुग्णांचा एक वर्ग कल्पिला होता. शारीरिक कारण न सापडणाऱ्या चिवट वेदना हा अवसादाचाच एक प्रकार होय, असा सिद्धांत ब्लूमर व हाइलब्रॉन यांनी १९८२ मध्ये मांडला. प्रदीर्घ वेदना आणि अवसाद एकत्र आढळतात, हे खरेच आहे. महिनोन्महिने झोप न मिळालेला माणूस खिन्न होणारच. परंतु एकत्र आढळणे म्हणजे एक दुसऱ्याचे कारण असणे नव्हे. या तर्काचा परिणाम रुग्णाला भोगावा लागे. तपासणीत जखम भरलेली, क्ष-किरण चित्रात काही दोष नाही आणि हाती दिलेली औषधाची चिठ्ठी मनोविकारावरची, अशा स्थितीत वेदना मनाची आहे असे त्याला सांगितले जाई किंवा तो तसे समजून घेई.

योगायोग असा की, या तर्काला छेद देणारा पुरावाही १९८२ मध्येच पुढे आला. कॅनडातील सी. पी. एन. वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागिणीनंतरचा तंत्रिकाशूल असलेल्या २४ रुग्णांवर द्विअंध चाचणी घेतली. या पद्धतीत औषध कोणते व निरौषधी गोळी कोणती, हे रुग्णास व वैद्यासही ठाऊक नसते. प्रत्येक रुग्णाला आळीपाळीने दोन्ही देण्यात आली. ॲमिट्रिप्टिलिनाने २४ पैकी १६ रुग्णांना चांगला ते उत्तम आराम पडला. बहुतेक रुग्ण मुळात अवसादग्रस्त नव्हते आणि वेदना कमी झाली तरी अवसादमापनाचे त्यांचे गुण बदलले नाहीत. औषधाची मात्राही अवसादावर नेहमी द्याव्या लागणाऱ्या मात्रेपेक्षा सामान्यतः कमी होती.

एक शंका तरीही उरत होती. या औषधाने तोंड कोरडे पडते व गुंगी येते. त्यामुळे रुग्ण खरी गोळी ओळखू शकतो व त्या विश्वासानेच त्याला बरे वाटू शकते. अमेरिकेतील बेथेस्डा येथे मिचेल मॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत यावर युक्ती योजली होती. मधुमेहजन्य तंत्रिकावेदना असलेल्या २९ रुग्णांना तुलनेसाठी साधी निरौषधी गोळी न देता, तसेच दुष्परिणाम घडविणारी परंतु वेदनेवर निष्क्रिय अशी गोळी दिली गेली. तरीही ॲमिट्रिप्टिलीन सरस ठरले आणि ते अवसादग्रस्त व अवसादमुक्त अशा दोन्ही रुग्णांत सारखेच उपयोगी पडले. पुढील वर्षी याच गटाने दाखविले की, नागिणीनंतरच्या वेदनेवर ॲमिट्रिप्टिलिनाचा गुण येतो, परंतु लोराझेपाम या शांतकाचा येत नाही. म्हणजे केवळ मन शांत केल्याने हे साधत नव्हते.

मॅक्स यांच्या १९९२ मधील चाचणीने उरलासुरला संशय बहुतांशी मिटविला. मधुमेहजन्य वेदनेच्या रुग्णांपैकी मध्यम वा त्याहून अधिक आराम पडलेल्यांचे प्रमाण ॲमिट्रिप्टिलिनाने ७४%, डेसिप्रामिनाने ६१%, फ्लुओक्सेटिनाने ४८% व निरौषधी गोळीने ४१% असे आढळले. त्या काळी फ्लुओक्सेटीन हे अवसादावरील नावाजलेले नवे औषध होते. अवसाद दूर झाल्यानेच वेदना कमी होत असती, तर त्याचाही गुण सर्व रुग्णांत दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तो फक्त अवसादग्रस्त रुग्णांत दिसला, तर पहिली दोन औषधे मनःस्थिती कशीही असली तरी उपयोगी पडली.

क्रिया : या भेदातच क्रियेचे स्पष्टीकरण दडलेले होते. जूलियस ॲक्सेलरॉड यांनी १९६१ च्या सुमारास दाखविले होते की, तंत्रिकेच्या टोकाशी सुटलेले नॉरॲड्रेनॅलीन पुन्हा आत शोषले जाते आणि इमिप्रामीन हे पुनःशोषण रोखते. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतानुसार मेरुरज्जूत शिरणाऱ्या वेदनासंदेशांची तेथेच छाननी होते. मस्तिष्क स्तंभातून खाली उतरणारे तंतू त्या ठिकाणी नॉरॲड्रेनॅलीन व सेरोटोनीन सोडून संदेश दाबून धरतात, हे पुढील दोन दशकांतील प्रयोगांवरून स्पष्ट झाले. पुनःशोषण थांबल्यावर ही द्रव्ये अधिक काळ टिकतात व द्वार अधिक आवळले जाते, अशी सध्याची मुख्य उपपत्ती आहे. यात नॉरॲड्रेनॅलिनाचा वाटा मोठा दिसतो. म्हणूनच मुख्यतः सेरोटोनिनावर कार्य करणारे फ्लुओक्सेटीन कमी पडते. शिवाय त्रिवलयी औषधे तंत्रिकेच्या पटलातील सोडियम मार्गिकाही रोधतात, त्यामुळे इजा झालेल्या जागी आपोआप उठणारे आवेग कमी होतात. वेदनेवरील परिणाम पुष्कळदा एक-दोन आठवड्यांत जाणवतो. अवसाद ओसरण्यास सामान्यतः त्याहून अधिक काळ लागतो.

मर्यादा : या औषधांचा गुण सर्व प्रकारच्या तंत्रिका-इजांत सारखा नाही. पक्षाघातानंतरच्या वेदनेवर स्वीडनमधील लेयॉन व बोइव्ही यांच्या १९८९ मधील चाचणीत १५ पैकी १० रुग्णांना ॲमिट्रिप्टिलिनाने आराम पडला. उलट एचआयव्ही संसर्गातील तंत्रिकावेदनेवर (१९९८), मेरुरज्जूच्या इजेनंतरच्या वेदनेवर (२००२) आणि अवयवच्छेदनानंतरच्या आभासी अवयवाच्या वेदनेवर (२००४) झालेल्या चाचण्यांत त्याचा निश्चित फायदा दिसला नाही. फिनलंडमध्ये १९९६ साली स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर तंत्रिकावेदना राहिलेल्या स्त्रियांवर चाचणी झाली. तीत औषधाने वेदना कमी झाली. परंतु दुष्परिणामांमुळे बहुतेकींना ते नियमित घेणे नकोसे झाले.

तोंडाची कोरड, बद्धकोष्ठता, गुंगी, वजनवाढ, मूत्र अडणे व उभे राहताना रक्तदाब उतरून चक्कर येणे हे नेहमीचे दुष्परिणाम होत. काचबिंदू, अष्ठीला ग्रंथीची वृद्धी व हृदयातील आवेगवहनाचे विकार असलेल्यांस त्रिवलयी औषधे जपून द्यावी लागतात किंवा देता येत नाहीत. वृद्धांत पडण्याचा धोका वाढतो. मोठ्या मात्रेत ही औषधे हृदयास घातक असल्याने घरात ती मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशी खबरदारी आवश्यक असते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी १० ते २५ मिग्रॅ. अशा लहान मात्रेने आरंभ करून ती हळूहळू वाढवितात आणि बंद करतानाही क्रमाक्रमानेच कमी करतात.

नवी औषधे व पुराव्याचा प्रश्न : नॉरॲड्रेनॅलीन व सेरोटोनीन या दोहोंचे पुनःशोषण रोखणारी, परंतु हृदयावर तुलनेने सौम्य अशी औषधे पुढे तयार झाली. त्यांपैकी ड्युलोक्सेटीन या औषधास अमेरिकेत २००४ मध्ये प्रथम अवसादासाठी व लगेच मधुमेहजन्य तंत्रिकावेदनेसाठी मान्यता मिळाली. या वेदनेसाठी तेथे अधिकृत मान्यता मिळालेले ते पहिले औषध होय. कर्करोगावरील औषधांनी झालेल्या तंत्रिका-इजेच्या वेदनेवरही ते उपयोगी असल्याचे २०१३ मध्ये २३१ रुग्णांच्या चाचणीत दिसून आले.

ॲमिट्रिप्टिलिनाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या एकस्वाची मुदत फार पूर्वीच संपली. त्यामुळे हजारो रुग्णांच्या चाचणीचा खर्च उचलण्यात कोणत्याही कंपनीचा लाभ उरला नाही. अमेरिकेत वेदनेवर ते सर्रास दिले जात असले, तरी त्यासाठीची अधिकृत मान्यता त्याला तेथे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय समालोचनात एका रुग्णाची वेदना निम्म्याने कमी होण्यासाठी सरासरी किती रुग्णांवर उपचार करावे लागतात, याचे आकडे त्रिवलयी औषधांसाठी ३.६, ड्युलोक्सेटीन-वर्गासाठी ६.४ व प्रीगॅबालिनासाठी ७.७ असे आले. त्रिवलयी औषधांचा आकडा मात्र बव्हंशी लहान व जुन्या चाचण्यांवर आधारलेला असून अशा चाचण्या गुण फुगवून दाखवितात. त्याच वर्षी कॉक्रन या संस्थेच्या समालोचनाने, ॲमिट्रिप्टिलिनाविषयी उत्तम प्रतीचा पुरावा उपलब्ध नाही, परंतु अनेक दशकांचा यशस्वी वापर दुर्लक्षिता येणार नाही, असा काहीसा अवघडलेला निर्णय दिला. ही कोंडी अंशतः २०२२ मध्ये फुटली. ब्रिटनमधील १३ केंद्रांत मधुमेहजन्य वेदनेच्या १३० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन व प्रीगॅबालीन यांपैकी कोणत्याही औषधाने आरंभ केला व गुण अपुरा वाटल्यास दुसरे जोडले, तरी परिणाम सारखाच येतो असे आढळले.

भारतात या चिकित्सेचे महत्त्व मधुमेहामुळे तर आहेच. पण कुष्ठरोगाचा संबंधही विचारात घ्यावा लागतो. कुष्ठरोगात तंत्रिका जंतूंमुळे व शरीराच्या प्रतिक्रियेमुळे इजा पावते. बधिरता हे या रोगाचे प्रसिद्ध लक्षण असल्याने अशा रुग्णाला वेदना होत असेल, ही कल्पनाच दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. मुंबईतील उपचार पूर्ण झालेल्या १०१ कुष्ठरुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २२ जणांना तंत्रिकाजन्य वेदना असल्याचे आढळले. जंतू नाहीसे झाले होते, पण तंत्रिका पूर्ववत झाली नव्हती. अशा वेदनेवर ॲमिट्रिप्टिलीन देतात. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून स्वस्तही आहे. वेष्टनावर अवसादाचा उल्लेख वाचून ते न घेणारे रुग्णही असतात. म्हणून ते कशासाठी दिले आहे, हे वैद्याने प्रथमच समजावून सांगणे हा या चिकित्सेचा भाग मानला जातो.